देशासाठीं खेळ आणि पैशासाठीं खेळ

खेळाडूनें पैसा घेतला कीं खेळाचें पावित्र्य गेलें, आणि तोच खेळाडू देशाचें निशाण छातीवर लावून उतरला कीं तें परत आलें, अशी एक समजूत सुशिक्षितांत बरीच रूढ आहे. ती इतकी रूढ आहे कीं तिची कोणी चौकशीच करीत नाहीं. आम्हींही ती आजवर केली नव्हती. ती करण्याचा प्रसंग आमच्यावर जेथें आला तें स्थळ मात्र साठीकडे झुकलेल्या, उभ्या जन्मांत क्रिकेटपलीकडे कोणत्याही खेळाकडे आस्थेनें न पाहिलेल्या प्राध्यापकास फारसें शोभणारें नाहीं, हें आधींच कबूल करून टाकतों. तो प्रसंग म्हणजे बर्फावरील हॉकीचा एक सामना होय.

२०२५ च्या फेब्रुवारींत आम्ही टोरोंटो येथें आमच्या पुतण्याच्या बिऱ्हाडीं होतों. बाहेर गुडघाभर बर्फ, दारांत पाय ठेवण्याची सोय नाहीं. अर्थात् संध्याकाळीं दूरचित्रवाणीसमोर बसण्यावांचून गत्यंतर नव्हतें. कॅनडा व अमेरिका या दोन देशांतील ३२ संघांची नॅशनल हॉकी लीग नांवाची जी जुनी धंदेवाईक संस्था आहे, तिनें त्या महिन्यांत आपला नेहमींचा हंगाम थोडे दिवस थांबवून कॅनडा, अमेरिका, स्वीडन व फिनलंड या चार राष्ट्रांची स्पर्धा भरविली होती. एरवीं पगार घेऊन निरनिराळ्या शहरांकरितां खेळणारे वीर तेवढ्या दिवसांपुरते आपापल्या देशाचे झाले होते.

त्या दोन शेजाऱ्यांचे संबंध तेव्हां बिघडलेले होते. अमेरिकेचे अध्यक्ष ट्रंप कॅनडास आपल्या संघराज्याचें एक्कावन्नावें राज्य म्हणूं लागले होते, जकातीच्या धमक्या चालू होत्या, आणि तो सारा राग बर्फावर उतरला. १५ फेब्रुवारीस माँट्रियल येथें अमेरिकेचें राष्ट्रगीत सुरू होतांच प्रेक्षकांनीं हुर्यो केली. आणि खेळाच्या पहिल्या नऊ सेकंदांत तीन वेळां हातमोजे फेंकून मारामारी झाली. आमच्या शेजारीं पुतण्याचा नऊ वर्षांचा मुलगा आनंदानें उड्या मारीत होता. मध्येंच थांबून त्यानें विचारलें, "आजोबा, तुम्ही कोणाच्या बाजूचे?" आम्हीं म्हटलें, "अरे, मला अजून चकतीच दिसत नाहीं. बाजू कसली घेऊं?"

तें अक्षरशः खरें होतें. या खेळांतील चकती म्हणजे काळ्या रबराची तीन इंच रुंद व एक इंच जाड अशी वडी. चांगल्या खेळाडूचा फटका बसला म्हणजे ती ताशीं दीडशें किलोमीटरांच्या वेगानें सुटते. नवख्याच्या डोळ्यास ती सांपडत नाहीं. १९९६ सालीं एका अमेरिकन वाहिनीनें असल्या नवख्यांसाठीं चकतीच्या पोटांत यंत्र बसवून पडद्यावर तिच्याभोंवतीं निळें वलय दाखविण्याची युक्ति काढली होती. जाणत्यांनीं तिची टर उडविली आणि लवकरच ती बंद पडली. परंतु आमच्या असें ध्यानांत आलें कीं, चकती दिसत नसतांही सामना आम्हांस पूर्णपणें समजत होता! कोण कोणावर धांवून गेला, कोणाची मान खालीं झाली, कोणाच्या गोलानें घर दणाणलें, एवढें कळलें कीं पुरे. राष्ट्र हेंच आमचें निळें वलय झालें होतें. ज्यास खेळ दिसत नाहीं त्यासही तें कांहींतरी दाखवितें. मात्र जें दाखवितें तो खेळच असतो काय, ही शंका तेव्हांपासून आमच्या मनांत घर करून राहिली.

आमच्या पुतण्यास ही शंका शिवलेली नव्हती. तो म्हणाला, "काका, लीगचे सामने म्हणजे नोकरी. वर्षाला ऐंशींच्या वर सामने. जानेवारींतला एखादा हरला काय नि जिंकला काय, कोण विचारतो? देशासाठीं उतरतात तेव्हांच हे लोक खरें खेळतात." यांत तथ्य नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं. २० फेब्रुवारीस बोस्टन येथें अंतिम सामना झाला. दोन-दोन अशी बरोबरी, जादा वेळ, आणि मॅक्डेव्हिड नांवाच्या खेळाडूनें चकती जाळ्यांत घातली तेव्हां आम्ही, ज्यांची बाजू नव्हती ते, चहाच्या कपासकट उभे राहिलों. शालीवरचा डाग अद्याप गेलेला नाहीं. एका क्षणावर सर्व कांहीं लागलेलें असण्यांत जो थरार आहे तो महिनोन् महिने चालणाऱ्या हंगामांत रोज कोठून यावा?

पण ज्या कारणानें हा थरार येतो त्याच कारणानें आंतरराष्ट्रीय सामना खेळाचा निवाडा करण्यास अपुरा पडतो. या बाबतींत सर्वांत प्रसिद्ध उदाहरण १९८० सालचें. त्या वर्षीं ९ फेब्रुवारीस न्यूयॉर्क येथें सोव्हिएट संघानें अमेरिकेच्या हौशी तरुण संघाचा १०-३ असा फडशा पाडला. पुढें तेराव्या दिवशीं, २२ फेब्रुवारीस, लेक प्लॅसिड येथील ऑलिंपिकमध्यें त्याच तरुणांनीं त्याच सोव्हिएट संघास ४-३ असें हरविलें, आणि मग फिनलंडला हरवून सुवर्णपदक नेलें. अमेरिकेंत या दिवसास चमत्कार म्हणतात. पहिला सामना कोणाच्या स्मरणांत नाहीं, दुसरा कोणी विसरत नाहीं. आतां या दोहोंपैकीं खरा सामना कोणता? दोन्ही खरे, परंतु त्या दोन संघांत एकंदर श्रेष्ठ कोण, असें एखाद्या निःपक्षपाती माणसानें विचारलें तर त्याचें उत्तर त्या चमत्कारांत सांपडणार नाहीं. चमत्कार पाहणें वेगळें आणि गुण पारखणें वेगळें.

धंदेवाईक लीगमध्यें या पारखण्याची सोय आहे. वसंत ऋतूंत जी अंतिम झुंज लागते तींत एकामागून एक चार फेऱ्या असतात, आणि प्रत्येक फेरींत जो संघ आधीं चार सामने जिंकेल तो पुढें जातो. म्हणजे सात सामन्यांपर्यंत तेच दोन संघ एकमेकांसमोर उभे. स्टॅन्ले चषक हवा असेल तर अशा सोळा विजयांची आवश्यकता, आणि त्याला दोन महिने लागतात. गेल्या उन्हाळ्यापासून आम्ही या फेऱ्या पाहूं लागलों आहों, आणि ख्यालाची बढत ऐकण्याची ज्यांस संवय आहे त्यांस तींतील गोडी लौकर कळेल असें आम्हांस वाटतें. पहिल्या सामन्यांत गोलरक्षक अभेद्य वाटतो. तिसऱ्यांत त्याच्या डाव्या खांद्यावरची फट प्रतिपक्षाला सांपडते. चौथ्यांत तो उभें राहण्याची जागाच बदलतो. पांचव्यांत प्रतिपक्ष ती नवी जागा ओळखून दुसऱ्याच अंगानें येतो. एका रात्रींत न दिसणारी ही बुद्धि सात रात्रींत दिसते. दैवास मधून मधून हात मारतां येतो, पण सर्व वेळ तेंच खेळतें असें होत नाहीं.

येथें कोणी म्हणेल, ही झाली कसबाची गोष्ट, हेतूचें काय? पैशासाठीं खेळणारा तो पैशासाठींच खेळणार. आमच्या मतें गैरसमजाचें मूळ येथेंच आहे. गवई बिदागी घेतो म्हणून त्याचा षड्ज बेसूर होत नाहीं, हें आपण जाणतों. मग खेळाडूच्या बाबतींतच आपला न्याय असा निराळा कां? आणि देशासाठीं खेळणारा पैशापासून मुक्त असतो, ही गोष्ट तरी इतिहासास कोठें मान्य आहे? सोव्हिएट खेळाडू कागदोपत्रीं हौशी होते. वस्तुतः त्यांतील बहुतेक प्रमुख खेळाडू मॉस्कोच्या लष्करी संघाचे, हुद्दा व वेतन असलेले सैनिक होते. वर्षांतील बहुतेक महिने बायकामुलांपासून दूर छावणींत राहत आणि सकाळ-संध्याकाळ हॉकीखेरीज दुसरा उद्योग करीत नसत. याच ढोंगाचा निषेध म्हणून कॅनडानें १९७० पासून १९७६ पर्यंत जागतिक स्पर्धांवर बहिष्कार टाकला होता, कारण त्याच्या उघड धंदेवाईकांस तेथें मज्जाव होता. तेव्हां ज्या संघाला राष्ट्रीय खेळाचा आदर्श म्हणून जग पाहत होतें तो त्या काळचा बहुधा सर्वांत कसलेला धंदेवाईक संघ होता. त्याला फक्त धंदा सोडून जाण्याची मुभा नव्हती.

ही मुभा नसणें म्हणजे काय, हें त्या खेळाडूंनींच पुढें सांगितलें. ईगोर लारिओनोव्ह यानें १९८८ सालीं 'ओगोन्योक' नियतकालिकांत आपला गुरु तिखोनोव्ह याच्या जाचाविरुद्ध उघड पत्र लिहिलें. सैन्यांत राहून असें लिहिणें सोपें नव्हतें. दुसऱ्याच वर्षीं तो, फेतिसोव्ह, माकारोव्ह असे कित्येक जण अमेरिका-कॅनडाच्या लीगमध्यें दाखल झाले. देशाचें निशाण छातीवरून उतरवून त्यांनीं पगार पत्करला, आणि त्या पगारांत त्यांना जें मिळालें त्यास स्वातंत्र्य याखेरीज दुसरें नांव देतां येत नाहीं. मौज अशी कीं, ज्यांना रशियन हॉकीचें तें अपूर्व सौंदर्य, चकती न सोडतां ती पांच जणांत विणीत नेण्याची ती कला, पाहावयाची होती, त्यांना ती पुढें डेट्रॉइट शहरांत तिकीट काढून पाहतां आली. १९९५ च्या हंगामांत तेथील संघनायकाच्या वर बसलेल्या प्रशिक्षकानें पांच रशियन एकत्र उतरविण्यास आरंभ केला, आणि १९९७ सालीं त्या संघानें चषक जिंकला.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाहीं. १९७२ सालीं कॅनडाचे धंदेवाईक आणि सोव्हिएट संघ यांची आठ सामन्यांची मालिका झाली. कॅनडांत आधीं सर्वांची खात्री होती कीं आपण सहज जिंकूं. माँट्रियलच्या पहिल्याच सामन्यांत ७-३ असा पराभव झाला. चौथ्या सामन्यानंतर व्हँकूव्हरच्या प्रेक्षकांनीं आपल्याच खेळाडूंची हुर्यो केली, तेव्हां फिल एस्पोसिटो यानें घामाघूम उभें राहून, आम्ही येथें केवळ देशावरील प्रेमानें आलों आहों, असें त्यांना कळवळून सांगितलें. तें खोटें होतें असें कोण म्हणेल? पण तेंच प्रेम मॉस्कोच्या सहाव्या सामन्यांत दुसऱ्या रूपानें प्रकट झालें. बॉबी क्लार्क यानें प्रतिपक्षाचा सर्वोत्तम खेळाडू खार्लामोव्ह याच्या घोट्यावर काठीचा असा जाणून फटका मारला कीं सातव्या सामन्यास तो उतरूंच शकला नाहीं. आठव्या सामन्यांत ३४ सेकंद उरले असतां हेंडरसननें गोल केला आणि मालिका कॅनडानें घेतली. तो गोल त्या देशांत अजून पूजिला जातो. घोट्यावरील त्या फटक्याविषयीं मात्र पुष्कळांनीं तेव्हां चकार शब्द काढला नाहीं. पगारासाठीं कोणी असें करता तर त्यास आपण भाडोत्री गुंड म्हटलें असतें.

याचा अर्थ राष्ट्रांच्या सामन्यांत कांहींच उदात्त नाहीं असा कोणी घेऊं नये. दोन दशलक्षांहूनही कमी वस्तीच्या लाट्वियाचेंच पाहा. मे २०२३ मध्यें जागतिक स्पर्धेंत या देशानें अमेरिकेस जादा वेळांत ४-३ असें हरवून कांस्यपदक मिळविलें. त्याच रात्रीं तेथील संसद भरली आणि दुसरा दिवस सुटीचा म्हणून जाहीर झाला. दरवर्षीं मे महिन्यांत होणाऱ्या या स्पर्धेस लीगच्या बड्या खेळाडूंतील ज्यांचे संघ आधींच बाद झाले असतील तेच येऊं शकतात, म्हणून जाणते नाक मुरडतात. मुरडोत बापडे. ज्या देशाचें नांव शेजाऱ्यांनीं दोनदां पुसून टाकलें त्याला आपलें नांव फलकावर वरच्या ओळींत वाचावयास मिळालें, याचें मोल चकतीच्या गतीनें मोजावयाचें नसतें. धंदेवाईक लीग लाट्वियाच्या खेळाडूस घरदार देईल; लाट्वियाला जागा देणार नाहीं. ऑलिंपिकमध्यें २०१८ व २०२२ या दोन्ही वेळां लीगचे खेळाडू नव्हते, आणि त्याच दोन वेळांत जर्मनी रौप्यपदकापर्यंत पोंचली व फिनलंडला आयुष्यांतलें पहिलें सुवर्णपदक लाभलें. खेळ थोडा कमी प्रतीचा होता हें खरें. पण हेलसिंकीच्या रस्त्यांत त्या दिवशीं हें कोणास सांगावें?

तथापि मोठ्या राष्ट्रांच्या मोठ्या सामन्यांना जें तेज असतें तें उसनें असतें, हें आपण विसरतों. आपल्याकडे १९२१ सालीं गंधर्व नाटक मंडळी आणि ललितकलादर्श या दोन प्रतिस्पर्धी मंडळ्यांनीं टिळक स्वराज्य फंडासाठीं मुंबईस 'मानापमाना'चा संयुक्त प्रयोग केला. बालगंधर्व आणि केशवराव भोसले एका रंगमंचावर! त्या रात्रीचें वर्णन महाराष्ट्र अद्याप करीत असतो, आणि तें योग्यच आहे. पण त्या दोघांचा गळा आणि अभिनय घडविला कोणीं? गांवोगांव तिकिटें विकून, रात्रीमागून रात्री, पोटासाठीं केलेल्या खेळांनीं. देशकार्याची ती एक रात्र धंद्याच्या हजार रात्रींवर उभी होती. चार राष्ट्रांच्या स्पर्धेंत आम्हीं जें कौशल्य पाहिलें तें असेंच जानेवारीच्या त्या बिनमहत्त्वाच्या, कोणी न विचारलेल्या सामन्यांत तयार झालेलें होतें. त्या सामन्यांना नोकरी म्हणून हिणवावें आणि त्यांचें फळ देशाचें म्हणून मिरवावें, हें आम्हांस कृतघ्नपणाचें वाटतें.

आणि खर्च कोणाच्या माथीं पडतो तेंही पाहिलें पाहिजे. २०१४ च्या सोची ऑलिंपिकमध्यें कॅनडाकडून खेळतांना जॉन टॅव्हरेस याचा गुडघा दुखावला व त्याच्या संघाचा उरलेला सबंध हंगाम त्याच्यावांचून गेला. चार राष्ट्रांच्या स्पर्धेंत अमेरिकेचा मॅथ्यू टकाचुक असाच जायबंदी झाला व हंगामाचे उरलेले सर्व सामने मुकला. २०१८ सालीं लीगच्या मालकांनीं खेळाडू पाठविण्याचें नाकारलें तेव्हां सर्वत्र त्यांना पैशाचे पूजक म्हणून शिव्या बसल्या. त्यांचा हेतु कांहीं थोर नव्हता. परंतु खेळाडूचें हाड मोडलें तर वैद्याचें देणें कोणाचें, हा प्रश्न निदान ते विचारीत होते. शिव्या देणारे आम्ही प्रेक्षक तोही विचारीत नाहीं. आम्हांला फुकटचा अभिमान हवा असतो, आणि त्याची किंमत दुसऱ्याच्या गुडघ्यानें द्यावयाची असते. आपल्या क्रिकेटमध्यें २००८ पासून शहरांचे संघ आले तेव्हांही आम्हीं हेंच नाक मुरडलेलें आम्हांस आठवतें.

आतां सॅम बेनेटची गोष्ट. हा कॅनडाचा, माँट्रियलच्या त्या तीन मारामाऱ्यांपैकीं एकींत तो होता, आणि बोस्टनच्या अंतिम सामन्यांत कॅनडाचा दुसरा गोल त्याचाच. आमच्या नातवानें त्याचें चित्र वर्तमानपत्रांतून कापून पलंगाच्या डोक्याशीं लावलें होतें. पण बेनेट पगार घेतो तो फ्लोरिडाच्या संघाकडून, जेथें बर्फ फक्त सरबतांत दिसतो. त्या संघाचा कर्णधार बार्कोव्ह हा फिनिश, आणि वर सांगितलेला मॅथ्यू टकाचुक, ज्याच्या सख्ख्या भावाशीं बेनेट माँट्रियल येथें झुंजला, तो बेनेटचा नेहमींचा सवंगडी! जूनमध्यें चषकाच्या अंतिम फेरींत या संघाची गांठ पडली ती मॅक्डेव्हिडच्या एडमंटनशीं. १९९३ नंतर कॅनडांतील एकाही संघानें चषक जिंकलेला नव्हता, म्हणून सारा देश एडमंटनमागें उभा होता. बेनेटनें त्या वर्षींच्या फेऱ्यांत सर्वांत अधिक, म्हणजे १५, गोल केले; फ्लोरिडानें ४-२ अशी मालिका जिंकली; आणि फेऱ्यांतील सर्वोत्तम खेळाडूचा मान बेनेटला मिळाला. चार महिन्यांपूर्वीं ज्याच्या नांवानें घर दणाणलें त्याच्यामुळें तेंच घर मुकें झालें.

आम्ही तेव्हां पुण्यास परतलों होतों. नातवाचा फोन आला. तो रडला नव्हता, पण आवाज बसलेला होता. "आजोबा, बेनेट वाईट आहे का?" आम्हीं म्हटलें, "फेब्रुवारींत तो जसा खेळत होता तसाच खेळला ना?" बराच वेळ तो कांहीं बोलला नाहीं. मग म्हणाला, "त्याहून चांगला." चित्र काढून टाकलें कीं काय, तें आम्हीं विचारलें नाहीं.

अलीकडे आम्ही पहाटे उठतों. तिकडे रात्र असते, सामने चालू असतात. परवां दोन अशा संघांचा सामना पाहिला कीं त्यांच्या शहरांशीं आमचा काडीचा संबंध नाहीं. हार-जितीनें कोणाचें कांहीं बिघडणार नव्हतें, आणि अर्ध्या खुर्च्या रिकाम्या होत्या. एका स्वीडिश खेळाडूनें मागें न पाहतां चकती सोडली, कोपऱ्यांतून आलेल्या एका झेक खेळाडूनें ती घेतली, आणि गोलरक्षकाच्या पायांमधील वीतभर फटींतून ती आंत गेली. ती सुटल्यापासून जाळ्यांत जाईपर्यंत आम्हांस सबंध दिसली.